भिवानीचे वस्ताद



आज आपण एका पहिलवानाची गोष्ट वाचणार आहोत. हा पहिलवान कुस्तीचा नव्हे. हा ठोशांचा खेळ खेळणारा. या खेळाला मराठीत मुष्टियुद्ध म्हणतात. मुष्टी म्हणजे मूठ. मुठींनी खेळायचे युद्ध ते मुष्टियुद्ध. पोरेसोरे त्याला बॉक्सिंग म्हणतात.

या पहिलवानाचे नाव कॅप्टन हवासिंह.

आम्ही रात्रीच्या वर्गात ही गोष्ट प्रथम सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, एकमेकांच्या थोबाडात मारायचं, याला काय खेळ म्हणायचं? आमच्या वस्तीत हा खेळ रोज रात्री फुकट बघायला मिळतो."

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून आधी तो प्रश्न सोडवू, मग हवासिंहांकडे वळू.

खेळ आणि मारामारी

चार कोपऱ्यांत चार खांब रोवतात. खांबांना चहूकडून दोर ताणून बांधतात. आत चौथरा असतो. त्याला रिंग म्हणतात. रिंग म्हणजे खरे पाहता गोल कडे. पण ही रिंग चौकोनी असते. आकार बदलला, नाव जुनेच राहिले.

खेळाआधी दोघांना वजनकाट्यावर उभे करतात. जोडी सारख्या वजनाचीच लावतात. पन्नास किलोच्या माणसापुढे नव्वद किलोचा माणूस कधीच उभा करत नाहीत. वस्तीतल्या मारामारीत कोणी वजन करतो काय? तिथे चौघे मिळून एकाला धरतात.

खेळाडू हातांना कापडी पट्ट्या गुंडाळतात. त्यावर जाड, गुबगुबीत हातमोजे घालतात. दात फुटू नयेत म्हणून तोंडात रबरी पट्टी धरतात. तीन मिनिटांची एक फेरी. अशा तीन फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विसावा. म्हणजे खरा खेळ नऊ मिनिटांचाच. चुलीवर चहा ठेवून तो गाळेपर्यंत खेळ आटोपतो. पण त्या नऊ मिनिटांत भल्याभल्यांची छाती भात्यासारखी वरखाली होते.

कमरेखाली मारायचे नाही. मानेच्या मागे मारायचे नाही. पाठीत मारायचे नाही. पडलेल्याला मारायचे नाही. आणि हे सारे पाहायला रिंगमध्ये एक तिसरा माणूस असतो. तो पंच.

पंच फार बोलत नाही. त्याचे मुख्य शब्द तीन. 'बॉक्स' म्हणजे खेळा. 'स्टॉप' म्हणजे थांबा. 'ब्रेक' म्हणजे मिठी सोडा आणि एक पाऊल मागे व्हा. एखादा खेळाडू ठोसा बसून खाली पडला की पंच मोठ्याने आकडे मोजतो. तो लगेच उठला तरी आठपर्यंत मोजल्याशिवाय पंच खेळ सुरू करत नाही. का? तर डोके भणभणत असताना कोणी भिडू नये म्हणून. दहा आकडे झाले की खेळ संपला. खेळाडू उभा आहे, पण त्याच्या डोळ्यांत भान नाही, असे दिसले तरी पंच खेळ थांबवतो. खेळाडूला राग येतो. लोक ओरडतात. पंचाने त्यांच्याकडे पाहायचे नसते. त्याने त्या पोराच्या जिवाकडे पाहायचे असते.

आता मागच्या रांगेतल्या गृहस्थांना आमचे उत्तर असे. ज्या ठिकाणी 'थांब' म्हटल्यावर हात थांबतो, तो खेळ. ज्या ठिकाणी थांबत नाही, ती मारामारी.

खेड्यातला मुलगा

हवासिंह यांचा जन्म १९३७ सालच्या डिसेंबर महिन्यातला. गाव उमरवास, भिवानीच्या भागातले. तेव्हा हा मुलूख पंजाबात होता. आज तो हरियाणा राज्यात आहे. पाऊस कमी, वाळूची जमीन. त्या मुलखात सैन्यात मुलगा पाठवण्याची रीत जुनी. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरकडची कितीतरी गावे अशी आहेत. तिथे घराघरातला एक तरी माणूस पलटणीत असतो. तसेच तिकडचे.

१९५६ साली हवासिंह सैन्यात भरती झाले. वय अठरा. सैन्यात मुष्टियुद्धाला मान होता. इंग्रजांच्या काळापासून पलटणी-पलटणींत सामने होत. हवासिंह अंगाने थोराड. सर्वात जड वजनाच्या गटात त्यांची गणती झाली. त्या काळी ८१ किलोंच्या वरचे खेळाडू या गटात येत.

भरतीनंतर चार वर्षांनी, १९६० साली, सैन्याच्या पश्चिम विभागात ते पहिले आले. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, ते सर्व देशात पहिले आले. तेव्हापासून देशाचे अजिंक्यपद त्यांनी सलग अकरा वेळा आपल्याकडे ठेवले. सलग म्हणजे मध्ये एकदाही खंड नाही. विचार करा. घरी मूल जन्मले, शाळेत गेले, पाचवी-सहावीत पोहोचले. आणि तोवर या माणसाला देशात त्याच्या गटात कोणी हटवू शकले नाही!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे हौशी खेळाडू होते. हौशी म्हणजे जो बक्षिसाच्या पैशासाठी खेळत नाही तो. परदेशात ठोशाठोशाला पैसा मोजणारे सामने होतात. त्यांना धंदेवाईक सामने म्हणतात. हवासिंहांच्या वाट्याला ते आले नाहीत. सैनिकाचा पगार, सैनिकाचे जेवण, आणि जिंकल्यावर एक पदक. त्या काळी डोक्याला संरक्षक टोपसुद्धा नसे.

बँकॉकची दोन पदके

१ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले. आपला महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला, तसेच ते. नव्या राज्याला जेमतेम महिना-दीड महिना होतो आहे, तोच डिसेंबरात बँकॉक शहरी आशियाई खेळ भरले. बँकॉक ही थायलंड देशाची राजधानी. आशिया खंडातल्या देशांचे खेळाडू तिथे जमले. जड वजनाच्या गटात हवासिंहांनी सुवर्णपदक जिंकले. सुवर्णपदक म्हणजे पहिल्या क्रमांकाचे पदक. त्या वेळी त्यांना एकोणतीस वर्षे भरत होती. त्याच सालचा अर्जुन पुरस्कार सरकारने त्यांना दिला.

चार वर्षांनी, १९७० साली, आशियाई खेळ पुन्हा बँकॉकलाच भरले. हवासिंह आता तेहेतीस वर्षांचे होत होते. या खेळात तेहेतीस म्हणजे उतार. पाय जड होतात. ठोसा येताना दिसतो, पण मान वेळेवर हलत नाही. पोरे वीस-बावीस वर्षांची पुढे उभी राहतात. तरी हवासिंहांनी दुसऱ्यांदा सुवर्णपदक आणले.

आशियाई खेळांत लागोपाठ दोनदा सुवर्णपदक मिळवणे त्यांच्यानंतर आजवर दुसऱ्या कोणा भारतीय मुष्टियोद्ध्याला जमलेले नाही.

हातमोजे उतरल्यावर

पण अंगातली ताकद काही जन्माची नसते. बैल म्हातारा होतो, तसा पहिलवानही होतो. मग त्याने काय करावे?

आपल्याकडे म्हातारा पहिलवान पुष्कळदा पारावर बसून जुन्या कुस्त्या सांगत राहतो. ऐकणारे प्रथम कौतुकाने ऐकतात. मग तोंड फिरवतात. जाणत्या खेळाडूपुढे मात्र दोन चांगल्या वाटा असतात. एक पंचाची, दुसरी वस्तादाची.

पंचाची वाट अवघड. ज्याने स्वतः ठोसे खाल्ले आहेत, त्याला कोणता ठोसा खरा बसला आणि कोणता नुसता चाटून गेला, हे लवकर कळते. पण नुसते कळून भागत नाही. त्याला गावाचे, जातीचे, देशाचे प्रेम रिंगबाहेर ठेवावे लागते. ते न ठेवले तर काय होते, याचे उदाहरण ऐका.

१९८८ साली कोरिया देशात सोल शहरी ऑलिंपिक खेळ झाले. रॉय जोन्स हा अमेरिकेचा खेळाडू, आणि पार्क सी-हुन हा यजमान कोरियाचा. शेवटचा सामना. मोजणाऱ्यांनी जोन्सचे बसलेले ठोसे ८६ मोजले, पार्कचे ३२. आंधळ्यालाही निकाल सांगता आला असता. पण गुण देणारे पाच पंच होते, त्यातल्या तिघांनी पार्कला विजयी ठरवले. सगळे जग थक्क झाले. पार्क स्वतः ओशाळला. जिंकलेला ओशाळला आणि हरलेला रडला, असा तो निकाल.

पुढे १९९२ च्या ऑलिंपिकपासून गुण मोजायला यंत्र आले. ठोसा बसला की पंचांनी बटण दाबायचे. पण बटण दाबणारे बोट माणसाचेच ना! तक्रारी थांबल्या नाहीत. २०१३ पासून ते यंत्र गेले, आणि फेरीवार गुण देण्याची रीत आली. रीत कोणतीही असो, पंच सच्चा हवा. आपल्या गावच्या पंचायतीलाही हेच लागू आहे.

हवासिंहांनी दुसरी वाट धरली. ते वस्ताद झाले.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते भिवानीला राहिले. तिथे त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. मुले खेड्यापाड्यांतली. कोणी शेतकऱ्याचे, कोणी शिपायाचे, कोणी गाडी हाकणाऱ्याचे. या शिकवण्यातूनच भिवानीत मुष्टियुद्धाची शाळा उभी राहिली.

वस्ताद काय शिकवतो

लोकांना वाटते, वस्ताद पहिल्या दिवशी ठोसा मारायला शिकवतो. तसे नसते. पहिल्या दिवशी उभे राहायला शिकवतात. डावा पाय पुढे, उजवा मागे. टाच किंचित उचललेली. दोन्ही मुठी गालांपाशी. हनुवटी आत. नवशिका दहा मिनिटांत कंटाळतो. "मारायचं कधी?" असे विचारतो. वस्ताद म्हणतो, "आधी उभा राहा."

मग चालणे. पुढे, मागे, बाजूला; पण पायात पाय अडकता कामा नये. मग दोरीवरच्या उड्या. पहाटे पळणे. मग आरशापुढे एकट्यानेच हात चालवणे. मग टांगलेल्या जड पिशवीवर ठोसे. आणि पुष्कळ दिवसांनी समोर जोडीदार. तेव्हाही पहिला धडा मारण्याचा नव्हे, चुकवण्याचा.

आपल्या वर्गात तरी निराळे काय आहे? पहिल्या दिवशी आम्ही तुम्हांला अक्षर काढू दिले नाही. पेन्सिल कशी धरायची, ते दाखवले. आडव्या रेघा, उभ्या रेघा, गोळे. ज्यांच्या हाताला खुरपे आणि घण यांची सवय, त्यांच्या बोटांत पेन्सिल मोडायची. पुष्कळांनी म्हटले, "गुरुजी, हे काय पोरखेळ!" आज तीच माणसे हा पाठ वाचत आहेत.

आमची एक चूक

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही एका खेड्यात मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. रोज कोणाला तरी ठोसा मारायचा. रोज तक्रार. हात लांब, पाय हलके. मोठी मुले धरायला गेली तरी तो सापडत नसे. आम्ही त्याला छडीने मारले. उन्हात उभे केले. शेवटी बापाला बोलावून सांगितले, "याला घेऊन जा. याच्या नशिबी विद्या नाही."

बाप काही बोलला नाही. पोराचे बखोट धरून घेऊन गेला.

शाळेपासून दोनशे पावलांवर गावची तालीम होती. वस्ताद आमच्या ओळखीचे होते. त्या पोराला हाताला धरून तिथे न्यावे, "याचे हात कामाला लावा आणि याला सकाळी शाळेत पाठवा," असे सांगावे, हे आम्हांला एकदाही सुचले नाही. आम्ही त्याचे ठोसे पाहिले. त्याचे पाय पाहिले नाहीत.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी बाजाराच्या गावी एक हमाल आमच्यापुढे आला आणि पायांवर वाकला. तोच तो. पाठीवरचे पोते त्याने बाजूला ठेवले. खिशातून एक घडी केलेला कागद काढला. म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून सांगा. यावर काय लिवलंय?"

ती मजुरीची पावती होती. त्याला मिळालेल्या पैशांपेक्षा वीस रुपये जास्तीचे लिहून खाली त्याचा अंगठा घेतला होता.

आम्ही पावती वाचून दाखवली. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या." आम्हांला मात्र काही बोलता आले नाही. अंगठा त्याचा होता, पण त्यात आमचाही हात होता.

हवासिंहांची गोष्ट वाचताना तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. भिवानीला जी पोरे वस्तादाकडे येत, त्यांतही अशी दांडगी पोरे असतीलच. त्यांना रिंग मिळाली, नियम मिळाला, 'थांब' म्हणणारा माणूस मिळाला.

लावलेले झाड

भिवानीला देवळे फार. म्हणून लोक तिला 'छोटी काशी' म्हणत. आता तिला दुसरे नाव पडले आहे. 'छोटा क्यूबा'. क्यूबा हा समुद्रातला लहानसा देश, पण मुष्टियुद्धात मोठमोठ्यांना भारी.

हे नाव कसे पडले? २००८ साली चीनमध्ये बीजिंगला ऑलिंपिक खेळ झाले. भारताचे पाच मुष्टियोद्धे गेले. त्यांतले चार एकट्या भिवानीचे. विजेंदर सिंह, अखिल कुमार, जितेंदर कुमार आणि दिनेश कुमार. विजेंदर कालुवास गावचा. वडील सरकारी बसगाडीचे चालक. त्याने कांस्यपदक जिंकले. कांस्य म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचे. मुष्टियुद्धात भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले पदक. त्याला शिकवले ते वस्ताद जगदीश सिंह यांनी. एका वस्तादाने पायवाट पाडली की मागून दुसरे वस्ताद त्यावरून चालतात. वाट रुंद होत जाते.

मग मुलीही आल्या. पूजा राणी ही भिवानीकडचीच. हवासिंहांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत ती शिकली. सुरुवातीला वडिलांचा विरोध. म्हणून तोंडाला लागले की बरे होईपर्यंत ती मैत्रिणीच्या घरी राही. पुढे वडिलांचे मन वळले. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ती देशासाठी खेळली.

ती शाळा हवासिंहांचे पुत्र संजय चालवत आले आहेत. त्यांची कन्या नूपुर, म्हणजे हवासिंहांची नात. २०२५ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहरी जगाच्या अजिंक्यपदाचे सामने झाले. सर्वात जड गटात, म्हणजे आजोबांच्याच गटात, नूपुरने रौप्यपदक मिळवले. रौप्य म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे. त्याच सामन्यांत पूजा राणीला कांस्यपदक मिळाले, आणि भिवानीच्याच जास्मिन लांबोरियाने दुसऱ्या गटात सुवर्णपदक जिंकले.

उशिरा आलेला मान

जो खेळाडू घडवतो, त्याला भारत सरकार द्रोणाचार्य पुरस्कार देते. १९९९ सालचा हा पुरस्कार हवासिंहांना जाहीर झाला. तो २९ ऑगस्ट २००० रोजी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते मिळायचा होता.

१४ ऑगस्ट २००० रोजी भिवानीत हवासिंहांचे अचानक निधन झाले. समारंभाला पंधरा दिवस उरले होते. पुरस्कार त्यांच्या पत्नीने स्वीकारला.

वाचून जीव हळहळतो, नाही का? आम्हांलाही हळहळ वाटली. खेळाडू म्हणून मिळालेली पदके त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली होती. वस्ताद म्हणून मिळालेला मान मात्र हाती आला नाही. ऑलिंपिकचे पदक त्यांनी पाहिले नाही. नातीचे पदक पाहिले नाही.

पण आंब्याची कोय लावणारा म्हातारा आंबे खायला थोडाच बसून असतो? तो कोय लावतो आणि पाणी घालतो. आंबे दुसरे खातात. ते दुसरे आपलेच असतात.

शेवटी एकच सांगणे. हवासिंहांनी अकरा वेळा जिंकलेले अजिंक्यपद पुढे दुसऱ्याकडे गेले. ते जायचेच होते. जे शिकवले, ते मात्र कोणी काढून घेऊ शकले नाही. आपणही या वर्गात थोडेफार शिकला आहात. घरी जा. बायकोला, भावाला, शेजारच्या हमालाला निदान पावतीवरचा आकडा वाचायला शिकवा. त्याच्या अंगठ्याच्या जागी त्याची सही उमटली, की समजा, तुम्हीही वस्ताद झालात.

शब्दांचे अर्थ

वस्ताद : तालमीत शिकवणारा गुरू.
हौशी : पैशासाठी नव्हे, आवडीने खेळणारा.
अजिंक्यपद : सर्वांना जिंकून मिळवलेला पहिला मान.
सलग : मध्ये खंड न पडता.
निवृत्त : नोकरी पूर्ण करून मोकळा झालेला.

प्रश्न

१. खेळ आणि मारामारी यांत काय फरक आहे?
२. खेळाडू पडून लगेच उठला, तरी पंच आठपर्यंत आकडे का मोजतो?
३. हवासिंहांनी बँकॉकला कोणकोणत्या साली सुवर्णपदक मिळवले?
४. वस्ताद पहिल्या दिवशी काय शिकवतो? आपल्या वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवले?
५. पावती वाचून दाखवल्यावर गुरुजींना बोलता का आले नाही?
६. तुमच्या ओळखीच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका माणसाचे नाव वहीत लिहा. त्याला तुम्ही पहिल्या दिवशी काय शिकवाल, ते दोन ओळींत लिहा.